वहिनी दमली

सायकल क्लबात तिला सगळे वहिनी म्हणायचे. क्लबचे अध्यक्ष तिच्या वडिलांच्या वयाचे, पण तेही भेटले की "काय वहिनी, पाय काय म्हणतात?" असंच विचारायचे. खरं तर ती एकट्या बारकीची वहिनी. पण बारकीने एकदा भर मैदानात "वहिनी, आटप की गं!" अशी आरोळी ठोकली, आणि तेव्हापासून ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

बारकी म्हणजे तिची धाकटी नणंद. घरातलं शेंडेफळ म्हणून बारकी, नाहीतर उंचीला भावाच्याही डोक्यावरून पाहील अशी. पोहण्याच्या तलावावर ती लहान मुलांना पोहायला शिकवायची, आणि दिवसभर पाण्यात राहूनही संध्याकाळी तिच्या अंगातली रग तशीच शिल्लक असायची. तिचा भाऊ, वहिनीचा नवरा, याला सगळे दादा म्हणत. तो एका कारखान्यात लेथवर होता. ही भावा-बहिणीची जोडी डोंगरी सायकलच्या शर्यतींत चांगली नावाजलेली. त्यातही थंडी सरताना वाळवंटात एक मोठी शर्यत व्हायची, पुष्कळ दिवस चालणारी, जोडीने करायची. दोघांनी बरोबरच रेषा ओलांडायची. एकटा पुढे पोचला तरी फायदा शून्य, जोडीदार येईपर्यंत उभं राहायचं.

वहिनी शाळेची बस चालवायची. पहाटे डेपोत जायचं, आरसे पुसायचे, मग गल्लीगल्लीतून अर्धवट झोपेतली पोरं गोळा करायची. कोणाचा डबा राहिलाय, कोणाला उलटी होतेय, कोण मागच्या बाकावर कोणाचे केस ओढतंय, हे सगळं एका आरशात बघत बस हाकायची. दुपारी तेच उलटं. डेपोत ती सायकलने जायची, कारण त्या वेळी दुसरं काही मिळायचं नाही. पाय मात्र मुळातच दणकट. गॅसचा सिलिंडर ती एकटी जिन्यावरून वर न्यायची आणि वर गेल्यावर धापही लागलेली नसायची.

आणि मग दादाचा गुडघा गेला. इतकी वर्षं दगडधोंड्यांतून उड्या मारणारा माणूस स्वयंपाकघरातला दिवा बदलताना स्टुलावरून पडला. डॉक्टरांनी गुडघा इकडून तिकडून दाबून पाहिला आणि सांगितलं, "सपाटीवर हळूहळू सायकल चालवा. बाकीचं आता विसरा." दादा घरी आला आणि कितीतरी दिवस कोणाशी धड बोलला नाही. शेवटी एका रात्री जेवायला आलेली बारकी म्हणाली, की आता शर्यतीला जोडीदार कुठून आणायचा. दादाने भाताचा घास हातातच धरून बायकोकडे पाहिलं. "हिला घे ना. हिचे पाय बघितलेत का तू?"

त्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळलेला होता. वहिनी म्हणाली, "बघू."

त्या घरात "बघू" म्हणजे हो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादाची सायकल तिच्या मापाची करून दारात उभी होती.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. वहिनी वाईट चालवायची नाही. उतारावर तर ती मनापासून सुटायची, आणि तेव्हा तिला खरंच मजा यायची. पण उतार लवकर संपतो, चढ संपत नाही. पहाटेची बस, मग व्यायाम, मग दुपारची बस, मग सायकल, मग स्वयंपाक. रविवारी डोंगर. मुलगी शिकायला परगावी गेली होती. ती फोनवर विचारायची, "आई, तुझा आवाज असा का येतो गं?" वहिनी म्हणायची, "रेंज नाहीये."

यंदा शर्यतीचा मार्ग बदलणार असल्याची बातमी आली. नवा मार्ग म्हणे वाळवंटातल्या खडकाळ रांगेतून जाणार होता, आणि तिथल्या वाटा कोणालाच नीट माहीत नव्हत्या. दादाने ठरवलं, शाळांना हिवाळ्याची मोठी सुट्टी लागली की तिघांनी तिकडे जाऊन मुक्काम ठोकायचा. रोज सराव करायचा आणि वाटाही शोधायच्या. क्लबने आपली जुनी व्हॅन दिली. बारकीने तलावावरून रजा काढली. वहिनीला तर सुट्टी होतीच. तिने त्या सुट्टीत काय करायचं ठरवलं होतं, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं. तिला नुसतं निजायचं होतं.

वाळवंटाच्या कडेला पेट्रोल पंपाशेजारी एक लॉज होतं, तिथे दोन खोल्या घेतल्या. लोखंडी पलंग, एक खुर्ची, खिडकीच्या फटीत कोंबलेलं फडकं. त्या फडक्याला न जुमानता वाळू आत यायचीच. चादरीत वाळू, केसांत वाळू, चहाच्या तळाशी वाळू. सकाळी बोटं आखडतील अशी थंडी आणि दुपारी हेल्मेटच्या आत डोकं शिजेल असं ऊन. अंडी आणि ब्रेड खाऊन, पाठीवर पाण्याची पिशवी बांधून दोघी निघायच्या. दादा व्हॅन घेऊन मागे, नाहीतर पुढे कुठेतरी. त्याने गळ्यात शिट्टी अडकवली होती. खिडकीतून डोकं काढून तो ओरडायचा, "पाय गोल फिरव, गोल! नुसती खाली काय दाबतेस!"

तिथले कच्चे रस्ते म्हणजे छपराच्या पत्र्यासारख्या लाटाच लाटा. त्यावरून सायकल नेली की दातांपासून टाचांपर्यंत सगळं खुळखुळायचं. रस्ता सोडला की मऊ वाळू, आणि वाळू संपली की चाकाखाली फिरणारे गोटे. बारकी त्यातून अशी जायची, जणू तिला कोणी पुढून ओढतंय. प्रत्येक चढावर ती आधी पोचायची आणि एक पाय जमिनीला टेकवून थांबायची. वहिनी खालून तिला बघत यायची. आकाशाच्या कडेला उभी असलेली ती उंच काटकुळी आकृती. वहिनी धापा टाकत वर पोचली, की बारकी म्हणायची, "आलीस? चल," आणि निघायची. म्हणजे जिची धाप आधीच ओसरलीय ती ताजीतवानी होऊन पुढे, आणि जिला खरी गरज तिला पाणी प्यायलाही उसंत नाही. बारकीच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला वाटायचं, आपण थांबतोय म्हणजे झालं.

पहिला आठवडा असाच गेला. रात्री वहिनी अंगावर पाणी घ्यायची, जेवताना पेंगायची आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची. सकाळी उठल्यावर मात्र झोपल्यासारखं वाटायचंच नाही.

दुसऱ्या आठवड्यात दादाने नकाशा पसरला. रांगेपलीकडे लांबवर पाणी नेणाऱ्या मोठ्या नळाचं पंपघर होतं. अलीकडे एक बंद पडलेली दगडाची खाण. त्या दोन्हींच्या मधून पूर्वी काहीतरी वाट असणार, आणि ती मिळाली तर शर्यतीचा मार्ग तिथूनच जाणार, असा त्याचा कयास होता. व्हॅन तिकडून जाणं शक्य नव्हतं. तो डांबरी रस्त्याने वळसा घालून पंपघरापाशी थांबणार, आणि दोघींनी खाणीकडून वाट शोधत पलीकडे उतरायचं.

"दुपारच्या आत याल," तो म्हणाला. आवाजात जुनी उमेद होती. वहिनीने टायर दाबून पाहिले आणि मान हलवली.

खाणीपर्यंत बरं गेलं. त्यानंतर वाट होती, मग वाटेसारखं काहीतरी होतं, मग तेही गेलं. एका कोरड्या ओढ्याच्या पात्रात शिरल्यावर चाकं अर्धी वाळूत रुतायला लागली. दोघी उतरल्या आणि सायकली ढकलायला लागल्या. पुढे काटेरी झुडपांचा पट्टा लागला, आणि तिथे वहिनीचं मागचं चाक बसलं. काटा काढून ठिगळ मारून होतंय तोवर पुढचं बसलं. मग बारकीचं. हवा भरता भरता बारकीच्या हाताला फोड आला, पण तिचं सगळं लक्ष समोरच्या खिंडीकडे.

"त्या दोन खडकांच्या मधून उतार असणार," ती म्हणाली. "मला दिसतोय."

"मला नाही दिसत."

"अगं चल तर, दिसेल."

एका खडकाची जेमतेम दोघींपुरती सावली होती. वहिनी त्या सावलीत बसली. तिने उजव्या पायातला बूट काढून वाळू झटकली. मग मोजा काढला, तोही झटकला. आणि मग बूट हातात धरून ती तशीच बसून राहिली.

"काय झालं?" बारकीने विचारलं.

"मी दमलेय."

"मग बस पाच मिनिटं. मिठाचं पाणी घे."

"मीठ नको."

"खजूर आहे. साखर कमी झाली असेल. सकाळी तू एकच अंडं खाल्लंस, मी बघत होते." बारकीने पिशवीतून खजूर काढून पुढे धरला. त्या भावंडांच्या घरी दमणं म्हणजे एक तक्रार होती आणि प्रत्येक तक्रारीवर काहीतरी इलाज होता.

वहिनीने खजूर घेतला, खाल्ला, बी वाळूत टाकली. "तसं नाही गं. मी आजची दमलेली नाहीये. मला ही शर्यत नको."

"यंदाची?"

"कुठलीच. मला ती कधीच नको होती."

बारकीने खजुराची पिशवी खाली ठेवली. वारा नव्हता. मग बारकीच्या चेहऱ्यावर हळूहळू रक्त चढलं.

"मग तीन वर्षं काय करत होतीस? आणि हे आत्ता सांगतेस? इथे?"

"घरी सांगायला कधी वेळ होता?"

"म्हणजे मी तुला फरफटत नेत होते, असंच ना?"

वहिनीला "नाही गं" म्हणायचं होतं. ते शब्द ओठांपर्यंत आलेही. पण खोटं बोलायलाही थोडं बळ लागतं. ती म्हणाली, "हो."

"प्रत्येक चढावर थांबलेय मी तुझ्यासाठी! प्रत्येक! माझी वेळ गेली, नंबर गेले, कधी तोंडातून ब्र काढला का?"

"थांबलीस, खरंय. पण मी पोचले की तू निघायचीस. मी कधी थांबले?"

हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. ती पाठ फिरवून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. रागाने की रडण्याने, ते वहिनीला कळलं नाही, आणि उठून बघण्याचं त्राणही नव्हतं. तिने मोजा चढवला, बूट चढवला. ऊन काही त्या दोघींचं भांडण मिटायची वाट बघणार नव्हतं.

त्या निघाल्या. बारकी पुढे, झपाझप. वहिनी मागे, सायकल हाताने ढकलत. खिंडीच्या तोंडाशी बारकी नेहमीसारखी थांबली. वहिनी पोचली, सायकल आडवी करून बसली, पाणी प्यायली. बारकी हलली नाही. वहिनीने तोंड पुसलं, पुन्हा प्यायली. बारकी आपली तिथेच उभी, दूरवर बघत, हट्टाला पेटल्यासारखी.

शेवटी वहिनीच म्हणाली, "अगं बाई, चल आता. भाजून निघू दोघी."

बारकीला हसू फुटलं, पण तिने ते दाबलं, आणि सायकल उचलून पुढे निघाली.

खिंडीपलीकडे उतार होता, पण सायकलचा नव्हता. पायऱ्यांसारखे तुटलेले कडे होते. दोघींनी सायकली खांद्यावर घेतल्या. जिथे उतरणं अवघड तिथे एकीने खाली जायचं आणि दुसरीने वरून सायकल सोडायची. "धरलीस?" "धरली." "सोडू?" "सोड." एवढंच बोलणं. खाली आल्यावर दूरवर नळाची करडी रेघ दिसली आणि त्या रेघेच्या टोकाला पंपघर.

पोचेपर्यंत सावल्या लांबल्या होत्या. दादा लंगडत पंपघराभोवती फेऱ्या घालत होता. तिथला पंपवाला, कमी बोलणारा म्हातारा, बाकावर बसून त्याच्याकडे बघत होता. दोघींना बघून पंपवाला उठला आणि काही न विचारता पाण्याची बादली भरून आणली. दादा धावत, म्हणजे त्याला जमेल तसा, पुढे आला.

"आहात ना नीट दोघी?" आणि लगेच, "मिळाली का वाट?"

"वाट नाहीये," बारकी म्हणाली. "बाकीचं वहिनीला विचार." आणि बादलीत डोकं बुडवायला निघून गेली.

वहिनीने तिथेच, हातपाय धुता धुता सांगितलं. दादाने ऐकलं आणि तो म्हणाला, "आज जरा जास्तच झालं. उद्या आराम कर, परवा बघ कसं वाटेल."

"परवाही असंच वाटणार आहे."

परतीच्या वाटेवर वहिनीने व्हॅनच्या खिडकीला डोकं टेकलं. मागे सायकलींचा खडखडाट तेवढा चालू होता.

रात्री खोलीत दादा पलंगाच्या कडेला बसून गुडघ्याला तेल चोळत होता. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. तिला वाटलं होतं, हा चिडेल. चिडला असता तर सोपं गेलं असतं.

"मला वाटलं तुला आवडतं," तो म्हणाला.

"उतार आवडतात."

"मग बोलली का नाहीस?"

"तू स्टुलावरून पडलास तेव्हापासून पहिल्यांदाच हसला होतास. तेव्हा कसं बोलणार? आणि नंतर रोज आणखी अवघड होत गेलं."

त्याने तेलाची बाटली बंद केली. वहिनी म्हणाली, "बारकीची रजा शिल्लक आहे. तिला करू दे सराव. व्हॅन मी चालवते उद्यापासून, रोज बसच तर हाकते. तू बैस बाजूला."

दादाने मान वर केली. "मग मी काय करू?"

हे त्याने इतकं पटकन आणि इतक्या लहान आवाजात विचारलं, की वहिनीला त्याच्याकडे बघवेना. तिच्या तेव्हा लक्षात आलं, की ती व्हॅन, तो नकाशा, ती गळ्यातली शिट्टी, एवढंच त्याच्यापाशी उरलंय. त्याच्या वाटची शर्यत तो खिडकीतून डोकं काढून करत होता. तिला त्याची कीव आली, माया आली, आणि त्या दोन्हींचाही तिला शीण आला. माणसाचं मन कळलं म्हणून आपले पाय हलके होत नाहीत.

"बरं, तूच चालव," ती म्हणाली. "मी इथेच राहते."

"एकटी? काय करशील?"

"झोपेन."

आणि ती खरंच झोपली. सकाळी ते दोघे गेले की खिडकीचं फडकं ओलं करून लावायची आणि पडायची. दुपारी उठून ब्रेड खायची, पुन्हा पडायची. लॉजवाली बाई दाराशी येऊन दोनदा विचारून गेली, "बरं नाही का?" तिसऱ्यांदा तिने काही न विचारता उकडलेले बटाटे आणून ठेवले. असे काही दिवस गेले. एका संध्याकाळी वहिनी सायकल घेऊन बाहेर पडली, पेट्रोल पंपाच्या पुढे डांबरी रस्त्याने थोडी गेली आणि परत आली. पाय अजून जडच होते. एवढ्या झोपेनेही फिटेल असं ते देणं नव्हतं.

बारकी त्या दिवसांत तिच्याशी कामापुरतं बोलायची. "साबण आहे का?" "किल्ली कुठे आहे?" परतीच्या दिवशी सामान भरताना मात्र ती म्हणाली, "दादाने मला सांगितलं, घरी गेल्यावर क्लबमधल्या पोस्टमनला विचारू म्हणून. तो तयार होईल, असं दिसतंय."

"चांगला आहे तो. उतारावर जरा घाबरतो."

"तू घाबरायची नाहीस," बारकी म्हणाली आणि पिशवीची चेन ओढायला लागली. चेन अडकली होती. वहिनीने ती सोडवून दिली.

शर्यत झाली. रांगेतला नवा मार्ग आयोजकांनी आधीच रद्द केला होता. तिथून वाटच नाही, हे त्यांनाही कळलं होतं. बारकी आणि पोस्टमन मधल्या कुठल्याशा नंबरावर आले. दादा व्हॅनमध्ये होता, घसा बसेपर्यंत ओरडला. वहिनीला निकाल कळला तेव्हा ती डेपोत रिकाम्या बसमध्ये होती. बारकीचा फोन होता, आवाज चिरलेला. पोस्टमनला वाटेत पेटके आले, हातमोजे फाटले, एक दिवस तर वादळच होतं, असं बरंच काही ती सांगत राहिली. वहिनीने सगळं ऐकून घेतलं. मध्येच बारकी म्हणाली, "कंटाळलीस का?" वहिनी म्हणाली, "नाही गं, सांग तू." आणि ती खरोखरच कंटाळली नव्हती.

पण पहिल्यासारखं ते काही झालं नाही. बारकी तलावाजवळ वेगळी राहायची, रविवारी घरी यायची ती कमी झाली. क्लबातले लोक वाटेत भेटले की वहिनी म्हणूनच हाक मारायचे, पण पाय काय म्हणतात ते विचारायचे नाहीत. दादाने एकदा तिच्या सायकलला तेल घातलं आणि गॅलरीत नेऊन झाकून ठेवली. वहिनीने आवरण काढून ती पुन्हा खाली आणली, कारण डेपोत जायला तिला आता तीच लागायची.

पुढच्या हिवाळ्यात दादा, बारकी आणि पोस्टमन पुन्हा वाळवंटात गेले. वहिनी घरी राहिली. तिने पडदे धुतले, मुलगी आली होती तिच्याशी पोटभर गप्पा मारल्या, मुलगी गेल्यावर दुपारी दोन-दोन तास लोळली. कधी सकाळी उठल्यावर अंग हलकं वाटायचं, कधी नाही. एका दुपारी दादाचा फोन आला. पलीकडे वारा इतका, की अर्धे शब्द उडून जात होते.

"आज वीस मिनिटं मीपण चालवली," तो ओरडून सांगत होता. "सपाटीवरच! डॉक्टरांनी सांगितलं तेवढीच!"

"गुडघा दुखतोय?"

"काय?"

"गुडघा! दुखतोय का?"

"थोडा. फार नाही."

"बरं. आणि व्हॅनचं मागचं दार नीट लाव, ते आपोआप उघडतं," ती म्हणाली. त्याने ते ऐकलं की नाही, कोण जाणे. लाइन तुटली. वहिनीने फोन उशाशी ठेवला, पाय पोटाशी घेतले आणि चादर अंगावर ओढली.